होल्डेम येतं, तरी ओमाहात फ्लश हरला: पोकरच्या प्रकारांत नियम नेमके कुठे बदलतात

प्रश्न असा आहे. विचारणारे होल्डेम हा पोकरचा प्रकार दोन वर्षं खेळतात आणि परवा पहिल्यांदा ओमाहा हा दुसरा प्रकार खेळायला बसले. हातात बदामचा एक्का, इस्पिकचा राजा, किलवरचा राजा आणि चौकटची सत्ती. बोर्डवर (मधोमध उघडलेले, सगळ्यांचे सामाईक पत्ते) बदामची राणी, दश्शी, छक्की, तिर्री आणि चौकटचा राजा. बदामचे चार पत्ते बोर्डवर आणि एक्का आपल्याकडे, म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते), असं समजून त्यांनी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. समोरच्याने बदामची अठ्ठी आणि पंजी दाखवली आणि पॉट (मधोमध जमलेल्या सगळ्या चिप्स) त्याला मिळाला. हे कसं झालं, आणि पोकरच्या निरनिराळ्या प्रकारांत नियम नेमके काय बदलतात, हे त्यांना समजून घ्यायचं आहे.

निकाल बरोबर होता. ओमाहात हातातले नेमके दोन आणि बोर्डवरचे नेमके तीन पत्ते घ्यावेच लागतात. तुमच्या हातात बदामचा पत्ता एकच होता, म्हणून फ्लश झालाच नाही. तुमचा खरा हात तीन राजे, राणी आणि दश्शी असा होता. समोरच्याकडे बदामचे दोन पत्ते होते, त्यामुळे त्याचा राणीचा फ्लश पूर्ण झाला.

मी बरीच वर्षं पत्ते वाटले आहेत आणि टेबलावरचे वाद मिटवले आहेत. फ्लश मोठा की स्ट्रेट (ओळीने येणारे पाच अंक), यावरून वाद फार क्वचित होतो. ‘यातले कोणते पत्ते धरायचे’ यावरून मात्र रोज होतो. म्हणून नवीन प्रकार शिकताना मी चारच गोष्टी आधी विचारायला सांगतो: कोणते पत्ते झाकलेले, उघडे किंवा सामाईक आहेत, त्यातले किती घ्यायचे, मोठा हात जिंकतो, लहान जिंकतो की दोघांत वाटणी होते, आणि एका वेळी बेट (पैज) किती लावता येते. चेक (बेट न लावता पाळी पुढे देणं), कॉल (समोरच्याएवढं भरणं), रेज (बेट वाढवणं), फोल्ड (पत्ते टाकून देणं) हे सगळीकडे तेच असतं. या चार उत्तरांनी खेळ बदलतो.

हातांची क्रमवारी तुम्हाला येते, म्हणून तिच्यामागचं कारण तेवढं सांगतो. 52 पत्त्यांतून पाच पत्त्यांचे 25,98,960 वेगवेगळे हात होतात. त्यात एका जोडीचे 10,98,240, दोन जोड्यांचे 1,23,552, तीन एकसारखे असलेले 54,912, स्ट्रेट 10,200, फ्लश 5,108, फुल हाऊस (तीन एकसारखे आणि एक जोडी) 3,744, चार एकसारखे 624 आणि स्ट्रेट फ्लश फक्त 40. जो हात दुर्मिळ, तो वरचढ. हे तत्त्व लक्षात असू द्या, कारण पुढे शॉर्ट डेकमध्ये क्रम उलटतो तो याचमुळे. आणि इस्पिक बदामपेक्षा मोठं, असं पॉट जिंकताना कधीच नसतं. दोन हात सारखे असतील तर पॉट वाटला जातो.

आता होल्डेम. तो येतो म्हणालात, तरी त्यातल्या काही जागा दोन-तीन वर्षं खेळलेल्यांनाही अडतात. हातात दोन पत्ते, बोर्डवर आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग एक (रिव्हर), आणि या सातांतले कोणतेही सर्वोत्तम पाच. ‘कोणतेही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हातातले दोन्ही घ्या, एक घ्या, एकही घेऊ नका. बोर्डवरच निरनिराळ्या रंगांचे दश्शी ते एक्का असे पाच पडले आणि कोणाचाही फ्लश किंवा फुल हाऊस होणं शक्य नसेल, तर शेवटपर्यंत टिकलेल्या सगळ्यांचा हात तोच आणि पॉट सगळ्यांत समान. किकरचा (जोडीबाहेरच्या, बरोबरी तोडणाऱ्या पत्त्याचा) गोंधळही इथेच होतो. बोर्डवर एक्का, राजा, राणी, नव्वी, सत्ती आहेत, फ्लश शक्य नाही, एकाकडे एक्का-पंजी आणि दुसऱ्याकडे एक्का-तिर्री. पंजीवाल्याला आपण जिंकलो असं वाटतं. पण दोघांचेही सर्वोत्तम पाच पत्ते एक्का, एक्का, राजा, राणी, नव्वी हेच. पंजी सहावी ठरते आणि पोकरमध्ये सहावा पत्ता नसतो.

बेटिंगचा क्रम: बटनाच्या (डीलरची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड; ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी भरायची सक्तीची बेट. फ्लॉपच्या आधी बिग ब्लाइंडच्या डावीकडचा पहिला बोलतो आणि बिग ब्लाइंड सर्वांत शेवटी. कोणी रेज केलं नसेल तरी त्याला रेज करायचा हक्क असतो, तो डीलरने विसरू नये. फ्लॉपनंतर बटनाच्या डावीकडचा, डावात असलेला पहिला खेळाडू सुरुवात करतो. दोघंच उरले की मात्र उलटं होतं: बटनवालाच स्मॉल ब्लाइंड देतो, फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि नंतरच्या प्रत्येक फेरीत शेवटी. स्पर्धेत शेवटचे दोघं उरतात तेव्हा ही चूक मी चांगल्या खेळाडूंकडूनही पाहिली आहे.

नो-लिमिटमध्ये वर मर्यादा नाही, खाली आहे. रेज निदान मागच्या बेटएवढं किंवा मागच्या रेजएवढं हवं. ब्लाइंड 10 आणि 20 असताना कोणी 60 केले, म्हणजे त्याने 40 ने वाढवलं. पुढच्याला वाढवायचं तर कमीत कमी 100 करावे लागतील. आता एक बारीक नियम. एकाने 100 लावले, पुढच्याकडे 150च होते आणि तो ऑल-इन गेला, म्हणजे होते तेवढे सगळे लावले. ही वाढ 50 ची, पूर्ण रेज नव्हे. त्यामुळे ज्याने 100 लावले होते त्याच्याकडे पाळी परत आली की तो उरलेले 50 भरू शकतो किंवा फोल्ड करू शकतो, पुन्हा रेज करू शकत नाही. ज्यांची पाळी अजून आलीच नव्हती, त्यांना रेज करता येतं. आवाज चढलेले बहुतेक प्रसंग मी याच नियमावरून पाहिले आहेत. तो आधी माहीत असेल तर कोणाचं मन दुखावत नाही.

साइड पॉट लोक उगाच अवघड समजतात. समजा तिघं ऑल-इन आहेत, पहिल्याकडे 100, दुसऱ्याकडे 300, तिसऱ्याकडे 500. सगळ्यांत कमी आकड्यापासून सुरुवात करा. प्रत्येकाचे 100 घेऊन मुख्य पॉट 300 चा, तिघंही त्याचे हक्कदार. दुसरा आणि तिसरा यांचे आणखी 200-200, म्हणजे 400 चा साइड पॉट, तो फक्त त्या दोघांत. तिसऱ्याचे उरलेले 200 त्याला परत, कारण ते भरायला समोर कोणीच नाही. निकाल लावताना आधी साइड पॉट द्यायचा, मग मुख्य.

ओमाहाची वाटणी होल्डेमसारखीच, फक्त हातात चार पत्ते. पण चार पत्त्यांतून दोनाच्या सहा जोड्या निघतात, म्हणजे प्रत्येकजण जणू सहा होल्डेम हात घेऊन बसलेला असतो. त्यामुळे होल्डेममध्ये जो हात भक्कम वाटतो तो इथे साधा ठरतो. तीन बदाम बोर्डवर असतील तर कोणाकडे तरी फ्लश आहे असंच धरून चालावं. बोर्डवर जोडी पडली की फुल हाऊसचा विचार आधी करावा. दोन-तीन नियम पाठ करण्याऐवजी मी नवख्यांना एक सवय लावतो: प्रत्येक वेळी आधी हातातले दोन पत्ते मनात उच्चारा, मग बोर्डवरचे तीन. दोनाचा उच्चार न करता हात मोजूच नका. हातात चार एक्के आले तरी त्यातले दोनच उपयोगाचे, म्हणजे ती नुसती एक जोडी आणि सुधारणा करू शकतील असे दोन्ही एक्के तुम्हीच अडवून ठेवलेले. दिसायला इतका सुंदर आणि खेळायला इतका वाईट हात दुसरा नाही.

ओमाहा बहुधा पॉट-लिमिट (जास्तीत जास्त पॉटएवढीच वाढ) असतो आणि ‘पॉट’ म्हणजे नेमके किती, हे तोंडी सांगता यायला हवं. पॉटमध्ये 100 आहेत, समोरच्याने 50 लावले. आता तुम्ही जास्तीत जास्त किती करू शकता? अनेकजण 150 म्हणतात. आधी मनात कॉल करा: तुमचे 50 धरून पॉट 200 होतो. तेवढ्याने वाढवता येतं, म्हणजे एकूण 250. सोपी युक्ती सांगतो: शेवटच्या बेटची तिप्पट आणि त्या बेटच्या आधी पॉटमध्ये जे होतं ते. 150 अधिक 100, तेच 250.

ओमाहाचाच दुसरा प्रकार हाय-लो. मला स्वतःला हा सर्वांत आवडतो, म्हणून थोडं जास्त लिहितो. पॉटचे दोन भाग: अर्धा सर्वांत मोठ्या हाताला, अर्धा सर्वांत लहान हाताला. लहान हात पात्र ठरायला पाचही पत्ते वेगवेगळ्या अंकांचे आणि अठ्ठी किंवा त्याखालचे हवेत. एक्का इथे सगळ्यांत लहान. स्ट्रेट किंवा फ्लश झाला तरी लहान हाताचं काही बिघडत नाही, म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वोत्तम लहान हात आणि तोच मोठ्या बाजूला स्ट्रेटही. बोर्डवर अठ्ठी किंवा त्याखालचे तीन वेगवेगळे पत्ते नसतील तर लहान हात कोणाचाच होत नाही आणि सगळा पॉट मोठ्याला जातो. मोठ्या हातासाठी हातातले एक दोन पत्ते आणि लहानसाठी दुसरे दोन घेतले तरी चालतं.

लहान हात कोणाचा, हे ठरवताना लोक छोट्या टोकापासून वाचतात आणि चुकतात. मोठ्या टोकापासून वाचा, एखाद्या आकड्यासारखं. सत्ती-छक्की-पंजी-चौकी-तिर्री म्हणजे 76543. अठ्ठी-चौकी-तिर्री-दुर्री-एक्का म्हणजे 84321. जो आकडा लहान तो जिंकतो, म्हणजे पहिला. एक्का आणि दुर्री जवळ असूनही दुसरा हरला.

आता एक डाव पाहा. तुमच्या हातात एक्का, दुर्री, राणी, गुलाम. फ्लॉप आला चौकी, सत्ती, अठ्ठी. तुमचा लहान हात 87421, या घडीला याहून चांगला कोणाचाच नाही. टर्नवर राजा आला, काही बदललं नाही. रिव्हरवर दुर्री आली. तुमचा हात अजून 87421च आहे, पण ज्याच्या हातात एक्का-तिर्री आहे त्याचा झाला 74321. तुमची दुर्री बोर्डवर आली आणि तिची किंमत गेली. म्हणून अनुभवी माणूस एक्का-दुर्रीसोबत तिर्री जपतो, एक पत्ता निकामी झाला तर दुसरा उभा राहतो. वाटणीचंही तसंच. 400 च्या पॉटमध्ये मोठा हात एकाचा आणि एक्का-दुर्री दोघांकडे असेल, तर मोठ्याला 200 आणि त्या दोघांना 100-100. तिघांनी सारखेच भरले असतील तर सर्वोत्तम लहान हात असूनही ते दोघं तोट्यात जातात.

स्टडकडे वळतो. होल्डेमवर वाढलेल्यांना हा खेळ परका वाटतो, कारण यात बोर्डच नाही. सेव्हन कार्ड स्टडमध्ये सगळे आधी अँटी (प्रत्येकाने भरायची छोटी रक्कम) भरतात, मग प्रत्येकाला दोन पत्ते झाकून आणि एक उघडा. सगळ्यात लहान उघडा पत्ता असलेल्याने सक्तीची छोटी बेट, ‘ब्रिंग-इन’, लावायची. दोघांचा उघडा पत्ता सारखाच लहान असेल तर रंग बघतात आणि किलवर सगळ्यात खालचं धरतात, मग चौकट, मग बदाम, मग इस्पिक. रंगाला किंमत मिळते ती सुरुवात कोणी करायची हे ठरवताना, हात जिंकताना नाही. त्यानंतर तीन पत्ते उघडे आणि सातवा झाकून, प्रत्येक पत्त्यानंतर एक फेरी. चौथ्या पत्त्यापासून ज्याचे उघडे पत्ते सर्वांत भारी तो आधी बोलतो, आणि पाचव्या पत्त्यापासून बेट दुप्पट होते. आठजण शेवटपर्यंत राहिले तर 56 पत्ते लागतील, असतात 52. तसं झालंच तर शेवटचा पत्ता प्रत्येकाला न देता मधोमध एकच उघडतात आणि तो सगळ्यांचा धरतात.

स्टडचा जीव आठवणीत आहे. फोल्ड करून गेलेले उघडे पत्ते परत दिसत नाहीत. तुमच्याकडे किलवरचे चार आहेत, पाचवा हवा आहे. उरलेल्या नऊपैकी चार इतरांच्या पुढ्यात येऊन गेले असतील तर तुमची आशा नऊ पत्त्यांवर नाही, पाचांवर आहे. ज्याने ते पाहिलेच नाहीत, तो आंधळेपणाने कॉल करत राहतो.

रॅझ म्हणजे हाच स्टड, पण सर्वांत लहान हात जिंकतो. अठ्ठीची अट नाही, स्ट्रेट-फ्लशची भीती नाही, जोडी मात्र घातक. ब्रिंग-इन इथे सगळ्यात मोठ्या उघड्या पत्त्यावर येते आणि नंतर सर्वांत लहान दिसणारा आधी बोलतो. हाय-लो स्टडही आहे, त्याची वाटणी वर सांगितली तशीच. होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, स्टड आणि स्टड हाय-लो हे पाच आळीपाळीने खेळतात त्याला हॉर्स म्हणतात. डाव बदलला की डीलरने मोठ्याने सांगावं, नाहीतर कोणीतरी रॅझमध्ये राजांची जोडी जपत बसतो.

ड्रॉच्या प्रकारांत काहीच उघडं नसतं, समोरच्याने किती पत्ते बदलले एवढीच माहिती मिळते. फाइव्ह कार्ड ड्रॉमध्ये पाच पत्ते, एक फेरी, हवे तेवढे बदला, दुसरी फेरी, संपलं. ड्यूस टू सेव्हन ट्रिपल ड्रॉमध्ये तीनदा बदलता येतात आणि लहान हात जिंकतो, पण मोजणी रॅझपेक्षा वेगळी. एक्का इथे नेहमी मोठा आणि स्ट्रेट, फ्लश तुमच्या विरुद्ध जातात. म्हणून 65432 इथे स्ट्रेट असल्याने वाईट आणि सर्वोत्तम हात 75432, सगळे एका रंगाचे नसले तर. रॅझचा सर्वोत्तम हात इथे भिकारी होतो: एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा इथे स्ट्रेट नाही, नुसता एक्क्याचा हात आहे.

बदुगीत चारच पत्ते, चारही वेगळ्या रंगांचे आणि वेगळ्या अंकांचे, आणि जितके लहान तितके चांगले. एक्का लहान, तीनदा बदलायची संधी. अंक किंवा रंग जुळला तर त्यातला एक सोडून द्यायचा. इस्पिकचा एक्का, बदामची तिर्री, चौकटची पंजी आणि किलवरची पंजी म्हणजे तीनच पत्त्यांचा हात. आणि चार पत्त्यांचा कोणताही हात तीन पत्त्यांच्या कोणत्याही हाताला हरवतो. राजा-राणी-गुलाम-दश्शी चार रंगांचे असतील तर ते एक्का-दुर्री-तिर्रीला भारी पडतात.

शॉर्ट डेक हा अलीकडे बराच खेळला जाणारा प्रकार. दुर्री ते पंजी काढून टाकायचे, उरतात 36 पत्ते, बाकी मांडणी होल्डेमची. प्रत्येक रंगाचे नऊच पत्ते राहिल्यामुळे फ्लश अवघड होतो. मोजून पाहा: 36 पत्त्यांत पाच पत्त्यांचे फ्लश 480 आणि फुल हाऊस 1,728. म्हणून इथे फ्लश फुल हाऊसला हरवतो. स्ट्रेट मात्र सोपा होतो. दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट फ्लॉपवर हातात असेल, तर होल्डेममध्ये तो रिव्हरपर्यंत साधारण 31.5 टक्के वेळा लागतो, इथे 45.6 टक्के. काही टेबलांवर म्हणूनच तीन एकसारखे स्ट्रेटच्या वर धरतात, काहींवर नाही. एक्का दोन्ही टोकांना चालतो, सर्वांत लहान स्ट्रेट एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी.

असे ठिकठिकाणी बदलणारे मुद्दे पहिला पत्ता वाटण्याआधी विचारून घ्या. शॉर्ट डेकमध्ये तीन एकसारखे मोठे की स्ट्रेट. लिमिट (ठरलेल्या रकमेच्या बेटच्या) खेळात एका फेरीत रेज किती, बहुतेक ठिकाणी एक बेट आणि तीन रेज. बोलून बेट लावली की ती बांधील, न बोलता एकच मोठी चिप टाकली की तो कॉल, आणि थोड्या चिप्स ठेवून, आणखी लावायला परत आपल्या चिप्सच्या गड्डीकडे हात नेता येत नाही. शेवटी पत्ते कोणी आधी दाखवायचे: शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट किंवा रेज केली त्याने, आणि सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटनाच्या डावीकडून. पॉट वाटताना एक चिप उरली तर हाय-लोमध्ये ती मोठ्या हाताकडे जाते. होल्डेम किंवा ओमाहात दोन सारखे हात असतील तर बटनाच्या डावीकडे जो आधी बसला आहे त्याला.